उरलेल्या फरशांचं घर

बाबांनी नंदनवनपासून बेसापर्यंत
लोकांच्या घरांत फरशी बसवली
आणि आमच्या घरात उरलेली.
म्हणून आमच्या स्वयंपाकघरात तीन रंग,
दाराशी कुणाच्या तरी देवघरातलं कमळ, तेही अर्धंच,
आणि बाजेखाली बाथरूमची खरबरीत,
जी अंधारात तळपायाला लगेच ओळखू येते.

माझ्या गेमचा नकाशा मी इथूनच उचलला.
आडव्या रांगा नऊ, उभ्या चौदा.
अडलेली फरशी म्हणजे एक, मोकळी म्हणजे शून्य.
आत एक मुंगूस सोडलं,
नागनदीच्या काठाला दिसतं तसं, झुपकेदार.
त्याला माठापर्यंत जायचं होतं.
मी सांगितलं, माठ उजवीकडे असेल तर उजवीकडे सरक,
खाली असेल तर खाली.
निघालं, आणि लोखंडी पेटी नि कपाट यांच्या बेचक्यात
जाऊन थरथरत राहिलं,
नाक माठाकडे, पाय जागच्या जागी.
रात्रीचे साडेअकरा. एप्रिल.
कूलरची टाकी तळाला गेलेली.

बाबा मागे उभे होते, मला कळलंच नाही.
"काहून अडकलं थे?"
"त्याला नुसता माठ दिसतो, बाबा. भिंत दिसत नाही."
"मंग पाण्याले काय दिसते?"

आणि त्यांनी तांब्या घेतला
आणि ओतला, बाजेच्या पायाशी, सरळ फरशीवर.

पाण्याने विचारलं नाही माठ कुठे आहे.
एका फरशीवरून चार फरशांवर गेलं,
चारांवरून त्यांच्या शेजारणींवर,
पेटीला टेकलं, थांबलं, बाजूनं वळलं.
मी खडू घेऊन त्याच्या मागे मागे.
जिथून निघालं तिथे शून्य
(शून्यापासून अंतर मोजायचं
आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही,
त्याचा दगडच आहे गावात),
शेजारी एक, त्यांच्या शेजारी दोन.
जी आधी ओली झाली तिचा नंबर आधी,
टँकरवरच्या रांगेसारखं, मध्ये कुणी घुसायचं नाही.

"तिरपं जाऊ का?" मी विचारलं.
"कोपऱ्याले कोपरा टेकला म्हणून वाट होत नाही, पोरी.
मधात सिमेंट रायते."

पहिल्यांदा मी खुणा करायला विसरले.
मुंगूस त्याच दोन फरशा मोजत बसलं
आणि लॅपटॉप तव्यासारखा तापला.
बाबांनी कानावरची पेन्सिल काढून दाखवली.
"एकच फरशी दोनदा मोजली
तं मालक पैसे कापते."

मग माठापासून उलटं आले.
अकराच्या शेजारी दहा शोधला, दहाच्या शेजारी नऊ,
उतरत उतरत शून्यावर.
ती यादी फिरवली आणि मुंगसाच्या हातात दिली.
गेलं. पेटीला वळसा घालून, कमळावरून,
एकदाही न थरथरता.

मी खूश होऊन माठाभोवती भिंत उभी केली,
मुद्दाम, चारही बाजूंनी.
नंबर सगळ्या घरभर पसरले. रांग रिकामी झाली.
मुंगूस हललंच नाही.
"बिघडलं," मी म्हणाले.
"बिघडलं नाही. बेसाले एका बंगल्यात
ठेकेदारानं जाळीच ठेवली नोती.
पाणी फिर फिर फिरलं अन् उभं रायलं.
रस्ता नाही, हे बी सगळं फिरल्यावरच सांगता येते."

पहाटे ते उठले तेव्हा मी जागीच होते.
सव्वीस वर्षं उकिडवं बसून गेलेले गुडघे.
एक हात भिंतीला. खरबरीत, मग पिवळी,
पेटीपाशी वळसा, कमळ, माठ.
मी मोजलं. अकरा.

ते कामावर गेल्यावर पेटी ओढली,
एकटीने, कपाटाच्या पलीकडे.
पुन्हा नंबर टाकले.
सात.

रात्री बाबा पाण्याला उठले.
भिंत धरत गेले,
आणि जिथे आता पेटी नव्हती
तिथे थांबून, सावकाश,
तिला वळसा घातला.